वापरलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा ऑनलाइन भाव रास्त आहे का, हे कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१९ सालच्या, मेक्सिकोत बनलेल्या फेंडर प्लेअर स्ट्रॅटोकास्टरची ऑनलाइन जाहिरात आहे. सहा फोटो आहेत, वर्णनात ‘मिंट कंडिशन, पिकअप अपग्रेड केलेले, फारशी वाजवलेली नाही’ एवढंच लिहिलंय (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) आणि भाव नव्या गिटारच्या ८० टक्के सांगितलाय. हा भाव रास्त आहे का, आणि नसेल तर किती सांगावा?

आधी थेट उत्तर: ८० जास्त आहेत. या वर्गातल्या गिटारचा सौदा ५५ ते ६० च्या दरम्यान बसायला हवा, आणि त्यातला ६० हा आकडासुद्धा काही प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली तरच. हे आकडे कुठून आले ते पुढे सविस्तर देतो, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही गिटारला तोच हिशेब लावता येईल. सगळीकडे नव्या गिटारची किंमत १०० धरली आहे, बाकीचे आकडे त्या शंभरातले.

शंभर म्हणजे नेमके कुठले

पहिली गफलत इथेच होते. विकणारा कंपनीची छापील किंमत धरतो, किंवा त्याने तेव्हा दुकानात मोजलेली रक्कम धरतो. दोन्हींचा उपयोग नाही. आज तीच गिटार दुकानात सवलत वजा जाता कितीला मिळते, तेच शंभर.

तीच गिटार आज मिळत नसेल तर तिच्या जागी आलेलं मॉडेल धरायचं आणि थोडं खाली उतरायचं. इथे नेमकं तसंच आहे. फेंडरने २०१८ साली मेक्सिकन स्टँडर्ड मालिका बंद करून प्लेअर मालिका आणली आणि २०२४ मध्ये तिच्या जागी प्लेअर २ आली. जुन्या प्लेअरच्या गडद फ्रेटबोर्डला (तारांखालच्या, बोटं दाबायच्या पट्टीला) पाउ फेरो लाकूड होतं, प्लेअर २ मध्ये रोझवूड परत आलं. वाजवताना या फरकाने फारसं बिघडत नाही, पण बाजारात बिघडतं: नवी पिढी आली की दुकानदार जुना माल सवलतीत काढतात. तसा न वापरलेला, वॉरंटीसकटचा जुना नग कुठे ८० ला मिळून गेला असेल, तर कुणाच्या घरातला वापरलेला नग ८० ला घेण्याचं काही कारण उरत नाही.

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. बाजारभाव कळतो तो झालेल्या सौद्यांवरून. ईबेवर शोध घेतल्यावर ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावता येतो, त्यात साधारण गेल्या ९० दिवसांतले सौदे दिसतात. रिव्हर्ब या वाद्यांच्या ऑनलाइन बाजारावर मॉडेलनुसार किमतींचा मार्गदर्शक असतो, तोही झालेल्या व्यवहारांवर बेतलेला. स्थानिक जाहिरातींच्या साइटवर असं काही नसतं. तिथे वेगळी युक्ती: आठ-दहा सारख्या जाहिराती जतन करून ठेवायच्या आणि रोज एक नजर टाकायची. दोन दिवसांत गायब होणाऱ्या जाहिरातींचा भाव बाजाराला पटलेला असतो. दोन-दोन महिने तशाच पडून राहिलेल्या किंवा काढून पुन्हा टाकलेल्या जाहिरातींचा भाव सरासरीत घ्यायचाच नाही.

ईबेवर एक फसवी गोष्ट आहे. किमतीवर आडवी रेघ मारून ‘ऑफर स्वीकारली’ असं दाखवलं असेल, तर दिसणारा आकडा मागितलेला असतो आणि खरा सौदा त्याखाली झालेला असतो. असे सौदे वरची मर्यादा म्हणूनच वाचायचे.

किमान सहा सौदे गोळा करा. तीच मालिका, तोच देश, मागेपुढे दोन वर्षं, आणि अवस्था सारखी. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा सोडून द्या (वरच्यात बहुधा हार्ड केस किंवा दुर्मिळ रंग असतो, खालच्यात न सांगितलेला दोष) आणि उरलेल्यांतला मधला आकडा घ्या. पोस्टेजचं काय ते प्रत्येक सौद्यात बघा. एकात धरलेलं आणि दुसऱ्यात नाही अशी सरमिसळ झाली की हिशेब सहज पाच-सात अंकांनी चुकतो.

मोठ्या संख्येने बनणाऱ्या गिटार चांगल्या अवस्थेत सहसा ६० ते ७० ला जातात. त्यातही ज्यांच्या पुढच्या पिढ्या येऊन गेल्यात त्या ६० च्या बाजूला. नवशिक्यांसाठीच्या सगळ्यांत स्वस्त गिटार ५० किंवा त्याखाली, कारण थोडे जास्त पैसे टाकले की नवी मिळते आणि दुरुस्तीचा खर्च मात्र महाग गिटारइतकाच येतो.

याशिवाय दोन टोकं लक्षात ठेवा. दुकानदार तुमची जुनी गिटार विकत घेताना, तो ती ज्या भावाला विकणार त्याच्या निम्मे ते ६० टक्के देतो. म्हणजे ७५ ला मांडणार असेल तर विकणाऱ्याच्या हातात ४० च्या आसपास पडतात. ही खालची मर्यादा, त्याखाली कुणी शहाणा माणूस तुम्हाला देणार नाही. वरची मर्यादा म्हणजे दुकानातला वापरलेल्या नगाचा भाव, इथे ७५. त्यात दुकानाने केलेला सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं), थोडीफार हमी आणि परत करण्याची सोय येते. खासगी विक्रेता यांतलं काहीच देत नाही, म्हणून त्याचा भाव ४० आणि ७५ च्या मध्ये कुठेतरी असायला हवा. ८० मागणारा दुकानाच्याही वर बसलाय.

बदललेले भाग

‘अपग्रेड’ हा शब्द जाहिरातीत भाव वाढवायला लिहितात. हिशेबात तो फारसा वाढवत नाही. नावाजलेल्या कंपनीचा तीन पिकअपचा संच नवा २५ ला येत असेल तर वापरलेला १२ ला मिळतो, आणि तुम्हाला तोच आवाज हवा असेल तरच त्याला किंमत. तसा असला तर चार-पाच अंक धरा, नसला तर शून्य. मूळ पिकअप डब्यात ठेवलेले असतील तर ते मागून घ्या. नसतील तर दोन-तीन अंक उतरवा, कारण पुढे तुम्ही विकाल तेव्हा हाच प्रश्न तुम्हालाही विचारला जाणार आहे. पिकअप कुठल्या कंपनीचे, कुठलं मॉडेल, हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर बदललेले पिकअप ही वजाबाकीच समजा. कुणी स्वस्तातला संच बसवून मूळ संच वेगळा विकून टाकलेला असू शकतो.

बदल दोन जातींचे असतात: स्क्रू आणि सोल्डर काढून मागे जाता येतं ते, आणि लाकडाला हात लागलेला असतो ते. ट्यूनर (तारा आवळायच्या खुंट्या) बदलताना हेडस्टॉकला (या खुंट्या असतात त्या गिटारच्या टोकाला) मागून नवी भोकं पाडलेली, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा रुंद पिकअप) बसवायला बॉडी कोरलेली, जुनी ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) काढून फ्लॉइड रोझ (दांडीने हलणारी, तारा जखडणारी ब्रिज) बसवलेली, हे सगळं कायमचं. साध्या गिटारमध्ये अशा कोरीव कामापायी १० ते १५ अंक जातात. विंटेज गिटारमध्ये याहून कितीतरी जास्त.

फ्रेट: सगळ्यांत जास्त पैसे इथे लपलेले असतात

‘फारशी वाजवलेली नाही’ हे खरं की खोटं ते फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, सांगतात. विकणाऱ्याकडून पहिल्या पाच फ्रेटचा जवळून फोटो मागा, उजेड बाजूने पडलेला असावा आणि तारा थोड्या बाजूला सारलेल्या असाव्यात. न झिजलेल्या फ्रेटच्या माथ्यावर उजेडाची एक बारीक, सलग रेघ चमकते. झिजलेल्या फ्रेटवर ती रेघ रुंद आणि चपटी होते, आणि तारेच्या खाली खळगा पडलेला असेल तिथे ती तुटते. पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटवर बारीक, न गुंडाळलेल्या तारांखाली खळगे असतील तर त्या गिटारवर उघडे कॉर्ड भरपूर वाजलेत. सातव्या ते बाराव्या फ्रेटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या पट्ट्यात माथा घासून सपाट झाला असेल तर बेंडिंग भरपूर झालंय. ‘मिंट’ गिटारमध्ये यांतलं काहीच दिसायला नको.

मीडियम जंबो फ्रेट नवा असताना साधारण १.२ मिलिमीटर उंच असतो. लेव्हलिंग करताना कारागीर सगळ्या फ्रेटचे माथे एका पातळीत घासतो आणि पुन्हा गोलाई देतो, त्यात खळग्याच्या खोलीइतकी उंची जाते, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटर. असं एक-दोनदा चालतं. उंची ०.८ च्या खाली गेली की लेव्हलिंगला वाव उरत नाही, फ्रेट काढून नवे बसवावे लागतात. या वर्गातल्या गिटारला लेव्हलिंगचे ८ ते १२ अंक धरा आणि नव्या फ्रेटचे २५ ते ४०. मेपलच्या फ्रेटबोर्डवर लाखेचा थर असतो, त्यामुळे तिथे काम वाढतं. कडेला बाइंडिंग (प्लास्टिकची बारीक पट्टी) असलेल्या फ्रेटबोर्डवरही तसंच. म्हणजे ६० ची गिटार, फ्रेट संपलेले असतील तर, घरी येईपर्यंत ९० ची होते. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट असतील तर ही भीती जवळजवळ नाहीशी होते, आणि त्यासाठी दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

नेक

बॉडीच्या टोकाकडून हेडस्टॉककडे बघत, एक डोळा मिटून काढल्यासारखा फोटो मागा, फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा त्यात दिसल्या पाहिजेत. दोन्ही कडा सारख्याच वळल्या असतील तर ती साधी बाक आहे, ट्रस रॉडने (नेकच्या आतली, बाक सुधारणारी सळई) जाते. एक कड एका बाजूला आणि दुसरी दुसऱ्या बाजूला जात असेल तर नेक पिळलेली आहे, आणि ट्रस रॉडला पीळ काढता येत नाही.

पुढची चाचणी कुणालाही घरी करता येते. सगळ्यांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट बघायची. ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, ठीक. एक मिलिमीटर असेल तर नेक पुढे झुकली आहे. फटच नसेल तर मागे. दोन्ही दुरुस्त होतात, पण ट्रस रॉड अजून फिरतो का हे कळलं पाहिजे. पाव फेरा फिरवून बघायला सांगा. रॉडचा नट शेवटपर्यंत आवळलेला आहे आणि तरीही बाक शिल्लक आहे, असं असेल तर ते काम सोपं राहिलं नाही.

इथे गिटारची बांधणी महत्त्वाची ठरते. स्ट्रॅट, टेलीकास्टरसारखी स्क्रूने जोडलेली नेक बिघडली तर नवी आणून बसवता येते, नुकसानीला कमाल मर्यादा असते. गिब्सनच्या लेस पॉलसारखी गोंदाने बसवलेली नेक बिघडली तर मर्यादा नसते. ब्रिजचा बाजूने काढलेला फोटो हेच सांगतो. सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो छोटा तुकडा) तळाला टेकलेली असूनही बाराव्या फ्रेटवर तारा ३ मिलिमीटर वर असतील, तर नेकचा कोन चुकलाय. स्ट्रॅटमध्ये नेकच्या खाली पातळ पट्टी सरकवून हे अर्ध्या तासात सुटतं. लेस पॉलमध्ये नेक काढून पुन्हा बसवावी लागते, आणि तो खर्च गिटारच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊ शकतो. तुलनेसाठी, फेंडरच्या सतराव्या फ्रेटवर तारांची उंची साधारण १.६ मिलिमीटर हवी. मोजपट्टी उभी धरून फोटो मागा.

नेकचा बॉडीशी सांधा होतो तिथे स्ट्रॅटच्या रंगात केसासारखी बारीक चीर दिसली तर घाबरू नका, पॉलिएस्टरचा जाड थर तिथे तडकतोच. लेस पॉलमध्ये त्याच जागी चीर असेल तर मात्र थांबा आणि सांधा हलतो का ते विचारा.

हेडस्टॉक

गिब्सन पद्धतीच्या गिटारमध्ये हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, बहुतेक काळ १७ अंशांत, आणि नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिच्या) मागे ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेलं असतं. त्यामुळे नेकचा सगळ्यांत कमजोर भाग नेमका तिथेच येतो. केस आडवी पडली तरी गिटार तिथे तुटते. नटच्या मागच्या भागाचा समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घेतल्याशिवाय अशा गिटारचा भाव बोलूच नये. मागच्या बाजूला हसऱ्या ओठांसारखी वळलेली रेघ, रंगाचा जरा गडद पट्टा, किंवा अवघ्या गिटारवर ओरखडे असताना तिथेच आलेली अचानक नवी चमक, या तीन खुणा शोधा. अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली जुनी आणि नवी लाख वेगवेगळी चमकते, दिवा स्वस्तात मिळतो, विकणाऱ्याला विचारून बघायला हरकत नाही.

नीट चिकटवलेला हेडस्टॉक पक्का असतो, आवाजात फरक पडत नाही. पण भाव न तुटलेल्याच्या ५० ते ६० टक्क्यांवर येतो आणि पुढे कधी वर जात नाही. स्वतः वाजवण्यासाठी, विकण्याचा विचार नसताना, हा फायद्याचा सौदा आहे. मात्र दुरुस्तीचं वर्णन लेखी हवं, आणि भाव त्याच हिशेबाने हवा.

इलेक्ट्रॉनिक्स

इथे विकत घेणारे उगाच जास्त घाबरतात. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) फिरवताना खरखर, सैल जॅक, मध्येच तुटणारा स्विच, हे सगळं काही मिनिटांचं काम आणि कमी खर्चाचं. दोन-तीन अंक उतरवा आणि पुढे जा. खरी अडचण फक्त मेलेल्या पिकअपची. गिटारला केबल लावून, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावायचा: एक काडी टोकाला, दुसरी बाहेरच्या नळीला. स्ट्रॅटच्या एकेका पिकअपला साधारण ५.५ ते ७ किलोओम दिसावेत, जुन्या धाटणीच्या हंबकरला ७ ते ९, जोरकस हंबकरला १२ ते १६. व्हॉल्यूम पॉट समांतर जोडलेला असल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो, त्याचं मनावर घेऊ नका. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा आकडा याहून अनेक पटींनी मोठा येत असेल तर कुठेतरी तार तुटली आहे. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपला ही चाचणी लागू होत नाही.

या एका चाचणीने दोन कामं होतात. ‘अपग्रेड’ पिकअपचं मॉडेल विकणाऱ्याने सांगितलं असेल तर कंपनीने दिलेल्या आकड्याशी हे ताडून बघता येतं.

फ्लॉइड रोझ असलेल्या गिटारमध्ये ब्रिज ज्या दोन खांबांवर टेकते तिथल्या धारांचा फोटो घ्या. मूळ फ्लॉइडच्या धारा कडक पोलादाच्या असतात. स्वस्त परवान्यावर बनलेल्या काही ब्रिजच्या धारा मऊ धातूच्या, त्या बोथट होतात आणि दांडी दाबून सोडली की गिटार सुरात परत येत नाही. तिथे नवी ब्रिज हाच उपाय.

गिटार खरंच तीच आहे का

प्लेअर मालिकेचा अनुक्रमांक हेडस्टॉकच्या मागे असतो, ‘एमएक्स’ने सुरू होतो आणि पुढचे दोन अंक वर्षाचे. इथे १९ दिसायला हवेत. हेडस्टॉकवर फेंडर लिहिलंय आणि क्रमांक ‘आयसीएस’ने सुरू होतोय, तर नेक इंडोनेशियात बनलेल्या स्क्वायरची (फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची) आहे आणि वर फेंडरचं स्टिकर. लक्षात ठेवा, क्रमांक नेकवर असतो, तो बॉडीबद्दल काहीच सांगत नाही. वेगवेगळ्या गिटारची नेक आणि बॉडी जुळवून केलेली गिटार वाजायला उत्तम असू शकते, पण बाजारात तिची किंमत सुट्या भागांच्या बेरजेपेक्षाही कमी येते.

गिब्सनमध्ये १९७७ ते २००५ या काळात आठ आकडी क्रमांक होते: पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष, मधले तीन अंक वर्षातला दिवस. ८२७६५५०१ म्हणजे १९८५ सालचा २७६ वा दिवस. पण क्रमांक बरोबर निघाला म्हणून गिटार खरी ठरत नाही, नकली करणारे खऱ्या गिटारचेच क्रमांक उचलतात. म्हणून बांधणी बघायची. खऱ्या गिब्सनच्या ट्रस रॉडच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, तीन दिसले तर विषय तिथेच संपला. मागची झाकणं उघडून आतलं वायरिंग दाखवायला सांगा. खऱ्या मालाचा मालक पाच मिनिटांत फोटो पाठवतो.

सत्तरच्या दशकातल्या जपानी नकलांना ‘लॉसूट’ (खटल्यातली) म्हणून भाव चढवतात. १९७७ चा तो खटला गिब्सनच्या मूळ कंपनीने आयबानेझच्या अमेरिकन वितरकावर लावला होता आणि तो हेडस्टॉकच्या आकारावरून होता. त्या काळातल्या प्रत्येक जपानी गिटारला तो शिक्का लावून पैसे मागणं ही निव्वळ जाहिरातबाजी. गिटार चांगली असेल तर तिच्या लाकडाचे आणि कामाचे पैसे द्या, गोष्टीचे नकोत.

खऱ्या विंटेजचा, म्हणजे १९६५ साली सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेण्याआधीच्या मालाचा, हिशेबच वेगळा. तिथे पुन्हा रंगवलेली बॉडी भाव साधारण निम्म्यावर आणते, बदललेला प्रत्येक पॉट आणि स्क्रूसुद्धा मोजला जातो. पॉटवरचे आकडे तपासतात: १३७६६३३ मध्ये १३७ हा सीटीएस कंपनीचा खुणेचा आकडा, मग १९६६ सालचा ३३ वा आठवडा. गिटार त्याआधीची असूच शकत नाही, पॉट मागून बदललेला नसेल तर. फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा असेल तर देशाबाहेर पाठवायला कागदपत्रं लागतात, कारण ते लाकूड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. बाकीच्या रोझवूडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली, ब्राझिलियनला मिळालेली नाही. हा माल फोटोंवरून घेऊ नका. जाणकाराने हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आता आकडा

समजा झालेल्या सौद्यांतला मधला आकडा ६२ निघाला, चांगली अवस्था, सगळं मूळ, पोस्टेज वेगळं. त्यातून मूळ पिकअप नाहीत म्हणून ३ वजा. नवे पिकअप नावाजलेले आणि तुम्हाला हवे तसे असतील तर ५ अधिक. तारा आणि सेटअपचे ३ वजा. फ्रेटचा एकही उपयोगी फोटो नाही, त्यामुळे लेव्हलिंगच्या १० पैकी निम्मे, ५ वजा. उरले ५६. फ्रेटचे फोटो आले आणि स्वच्छ निघाले, तर ते ५ परत द्यायचे: ६१. सोबत गिग बॅगऐवजी चांगली हार्ड केस असेल तर आणखी ४ ते ५. नाही आले, तर ५६ च्या वर जायचं नाही. जे दाखवलं नाही त्याची किंमत विकणाऱ्याने सोसायची, आपण नाही.

डावखुऱ्या गिटारचे सौदे कमी सापडतात, त्यांना उजव्या मॉडेलचाच भाव लावा, पण विकणारा थोडा ताठ राहील हे धरून चला. विचित्र रंगाची गिटार पडून राहते, काळी, पांढरी आणि सनबर्स्ट लवकर जाते. वजनही विचारा: स्ट्रॅट ३.३ ते ३.८ किलोत बसते, लेस पॉल ४ ते ४.५. त्यावरची गिटार विकायला जड जाते, दोन्ही अर्थांनी.

निरोप असा पाठवा (आकडे खऱ्या रकमेत बदलून): ‘नमस्कार. गिटार आवडली, घ्यायचा विचार पक्का आहे. पहिल्या पाच फ्रेटचा जवळून फोटो, हेडस्टॉकच्या मागचा क्रमांक आणि ब्रिजचा बाजूने फोटो मिळेल का? पिकअप कुठले आहेत आणि मूळ संच सोबत देणार का? गेल्या तीन महिन्यांत याच मॉडेलचे सौदे ६० ते ६४ मध्ये झालेत. सगळं ठीक असेल तर आजच ५५ देऊ शकतो.’ भावाआधी प्रश्न आणि प्रश्नांसोबत भावाचा आधार, हा क्रम ठेवा. नुसतं ‘शेवटचा भाव काय?’ विचारणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही. जाहिरात नुकतीच टाकलेली असेल तर विकणारा हलणार नाही. तीन-चार आठवड्यांनी तोच निरोप पुन्हा पाठवला की बरेचदा हलतो.

भाव ६२ च्या सौद्यांच्या बाजारात ३५ असेल तर खूश होण्याआधी आजच्या तारखेची चिठ्ठी गिटारशेजारी ठेवून काढलेला फोटो आणि प्रत्येक पिकअपवर वाजवल्याचा छोटा व्हिडिओ मागा. चोरीचा माल आणि दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले फोटो इथेच उघडे पडतात. खरेदीदाराला संरक्षण नसलेल्या मार्गाने आगाऊ पैसे पाठवू नका.

पाठवताना तारा थोड्या सैल, हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना भरपूर कागद किंवा फोम, पूर्ण किमतीचा विमा, हे आधीच लेखी ठरवून घ्या. खोका उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा. थंड हवेतून आलेला खोका काही तास खोलीत तसाच राहू द्या, नाहीतर नायट्रोच्या (नायट्रोसेल्युलोज) लाखेला एकदम ऊब लागून तडे जातात. मग त्याच दिवशी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा, मल्टिमीटर लावा, ट्रस रॉड पाव फेरा फिरवून बघा. न सांगितलेला दोष निघाला तर परत करण्याच्या मुदतीत फोटोसकट कळवा आणि दुरुस्तीच्या खर्चाइतकी रक्कम मागा. गिटार परत बोलावून पुन्हा जाहिरात टाकण्यापेक्षा तेवढे पैसे देणं बहुतेक विकणाऱ्यांना परवडतं.